परतीच्या खुणा

१

ओक्ताव पुढे चालायचा आणि मोरिसेत मागे. बायकोने मागे चालावं असा त्यांच्या घरात काही दंडक नव्हता. उलट बाकी सगळ्या बाबतींत मोरिसेतच पुढे असायची. ही वाटणी फक्त कामापुरती होती.

व्हेर्नेलपासून ला रोशपर्यंत, ल्वार नदीच्या काठाने, द्राक्षमळ्यांतून जी पायवाट जाते, तिच्यावरच्या खुणा रंगवायचं काम या नवराबायकोकडे होतं. पदयात्री मंडळ रंगाचे डबे द्यायचं आणि वर्षातून एकदा जेवण घालायचं, बाकी सगळी हौस. खूण साधीच: वर पांढरी पट्टी, खाली तांबडी. पण ती एकाच बाजूला करून भागत नाही. जाणाऱ्याला खांबाची एक बाजू दिसते, येणाऱ्याला दुसरी. ओक्ताव जायच्या खुणा रंगवत पुढे सरकायचा. मोरिसेत मागून यायची, प्रत्येक खांबाच्या पलीकडे जाऊन मागे वळायची, परत येणाऱ्याच्या नजरेने वाट बघायची आणि मग परतीची खूण करायची. तिचं अर्धं आयुष्य असं मागे वळून बघण्यात गेलं होतं. मागे कधी कुणी नसायचं.

पट्टी आखायला ओक्ताव साचा वापरत नसे. "माझा हात आहे ना," म्हणायचा, आणि मग त्याच्या तांबड्या पट्टीचा उजवा कोपरा दर वेळी हमखास ओघळायचा. मोरिसेत त्यावरून त्याची टर उडवायची. खूण झाली की तो ब्रशच्या दांड्याने डब्याचं झाकण ठोकून बसवायचा, टक टक, आणि मागे न बघताच विचारायचा, "येतेस ना?"

"हो पुढे, मी आहे मागे," ती म्हणायची.

हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की नोव्हेंबरात इस्पितळात त्याला शस्त्रक्रियेसाठी आत नेताना त्याने चाकांच्या खाटेवरून मान वळवून "येतेस ना?" विचारलं, तेव्हाही ती तेच बोलून गेली. हो पुढे, मी आहे मागे. दार लागलं. ओक्ताव त्या दारातून चालत बाहेर आला नाही.

माणसं जातात, हे मोरिसेतला कुणी सांगायला नको होतं. पण आपण त्याला शब्द दिला आणि आपण मागे गेलो नाही, ही गोष्ट तिला हिवाळाभर टोचत राहिली. हे बोलायचं कुणाशी? ऐकणारा हसला असता, नाहीतर डॉक्टरकडे घेऊन गेला असता.

मुलगी एस्तेल आंझे शहरात राहायची. शुक्रवारी तिचा फोन आला.

"आई, रविवारी गाडी घेऊन येतेय. या वेळी 'बघू' चालणार नाही."

"आधी खुणा होऊ देत. ईस्टरला लोक चालायला लागतील."

"खुणा दुसरं कुणीतरी करेल. परवा तू गॅस चालू ठेवून पाव आणायला गेलीस. शेजारच्या बाईंनी सांगितलं मला."

"त्या बाईला दुसरा उद्योग नाही."

"आई, तू एकटी आहेस तिथे. मला रात्र रात्र झोप येत नाही, माहीत आहे?"

मोरिसेत म्हणाली, "बरं बाई. उद्या वाट रंगवते, डबे मंडळाला देऊन टाकते, आणि रविवारी तुझ्या गाडीत बसते. झालं समाधान?"

"शब्द?"

"शब्द," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हात फोनवरच राहिला.

२

शनिवारी सकाळी नदीवर धुकं होतं. मोरिसेतने पाठीवरच्या पिशवीत दोन डबे, ब्रश, तारेचा ब्रश, पावात घातलेलं चीज असं सगळं भरलं आणि निघाली. दोन्ही बाजूंच्या खुणा या वर्षी तिलाच करायच्या होत्या.

पहिली खूण गावच्या जुन्या धुण्याच्या हौदाजवळ, तिच्याच गल्लीच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर. जुना रंग खरवडायला तिने तारेचा ब्रश काढला आणि हात तसाच थांबला. खूण ताजी होती. तिने बोट लावलं. बोटाला पांढरं लागलं.

तिने तिथूनच मंडळाच्या जिल्बेरला फोन लावला.

"जिल्बेर, माझ्या वाटेवर कुणाला पाठवलंयस?"

"तुझ्या वाटेवर? माझी काय छाती आहे! एकदा त्या नव्या माणसाने तुझ्या लिंडनच्या झाडावरच्या खुणेला हात लावला, तर मंडळाच्या जेवणात तू त्याला शेवटचं चीज पानात येईपर्यंत झोडपलंस."

"मग इथे ओला रंग कुणाचा आहे?"

"ओला?" जिल्बेर हसला. "मोरिसेत, तूच नाहीस ना काल जाऊन आलीस?"

हसणं जरा लवकरच थांबलं. एस्तेलने यालाही फोन केलेला दिसतोय, मोरिसेतच्या मनात आलं. गॅसची गोष्ट म्हणजे आता गावभर झाली असणार.

ती खांबापाशी उभी राहून काल काय केलं ते आठवत राहिली. काल चादरी धुतल्या. सूप केलं. दुपारी जरा पडली, आणि उठली तेव्हा उजेड कमी झाला होता. मधलं काही आठवत नव्हतं, पण झोपेतलं कुणाला आठवतं? तिने कोटाच्या बाह्या उलटून बघितल्या. रंगाचा ठिपका नव्हता. पिशवीतले डबे काढून बघितले. दोन्ही झाकणं मंडळातून आली तशी चिकटलेली.

पुढची खूण लिंडनच्या झाडावर होती. तिथे पोचायच्या आधीच तिला दिसलं. तांबड्या पट्टीचा उजवा कोपरा ओघळला होता.

शहाण्या बाईने इथून घरी जायला हवं होतं. मोरिसेत शहाणीच होती. पण नोव्हेंबरपासून पहिल्यांदा आपल्या पुढे कुणीतरी चालतंय असं तिला वाटलं, आणि त्याने इतकं बरं वाटलं की भीती वाटायची राहूनच गेली. ती झाडाच्या पलीकडे गेली, मागे वळली, वाट बघितली. वाट रिकामी होती. तिने परतीची खूण केली, आणि हौदाजवळच्या खांबाची राहिलेली बाजूही मागे जाऊन करून आली.

३

गाव संपून चढ लागला. दोन्ही बाजूंना मळे. छाटणी झाली होती, पान अजून फुटलं नव्हतं, आणि कापलेल्या प्रत्येक काडीच्या टोकाला पाण्याचा थेंब होता. वसंतात वेल रडते म्हणतात तशी ती रडत होती. या मळ्यांतून मधूनच चुन्याच्या दगडाची धुराडी जमिनीतून वर आलेली आहेत. खाली कड्यात कोरलेली घरं आहेत, वर त्यांचीच धुराडी. आता बहुतेकांखाली कुणी राहत नाही.

रेजीस आपल्या मळ्यात वाकून काड्या तारेला बांधत होता. आता चाळिशीचा झाला, पण मोरिसेत त्याला लहानपणापासून ओळखायची.

"काय मादाम, यंदा एकट्याच?" म्हणाला आणि मग जीभ चावली. "म्हणजे... माफ करा. सवयीने बोललो."

"बोल रे. सगळे जपून बोलायला लागले की कानाला दडे बसल्यासारखं होतं." तिने इकडे तिकडे बघितलं. "रेजीस, माझ्या आधी इथून कोण गेलं?"

"कोणी नाही."

"नीट आठव."

"आठवायचं काय त्यात? उजाडल्यापासून याच रांगेत आहे. कंबर मोडली, रांग संपेना. माणूस सोडा, ससा गेला नाही. कुत्राही सकाळपासून भुंकला नाही." त्याने कुत्र्याकडे बघितलं. कुत्रा गाडीखाली पोट जमिनीला लावून पडला होता, आणि बाहेर यायचं त्याचं लक्षण दिसत नव्हतं.

रांगेच्या टोकाच्या लाकडी खांबावर खूण होती. ओली. ओघळ अजून खाली सरकत होता. ती कमरेच्या उंचीवर होती. ओक्ताव उंच माणूस. त्याच्या खुणा नेहमी छातीच्या वर असायच्या.

रेजीस जवळ आला. "हे तुम्ही केव्हा केलंत?" त्याने विचारलं. "आणि इतक्या खाली? यंदा काय बदकांना चालायला बोलावलंय?"

मोरिसेत हसली. हसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिने त्याच्यासमोर खांबाची दुसरी बाजू रंगवली, आपल्या नेहमीच्या उंचीवर, आणि झाकण लावलं.

"मादाम," रेजीस मागून म्हणाला, "दमला असाल तर सोडतो गाडीने घरी. काम कुठे पळून जातंय."

"काम नाही पळत," ती म्हणाली, आणि पुढे निघाली.

४

अक्रोडाच्या झाडापाशी वाट फुटते. उजवीकडची ला रोशला जाते. हीच खरी वाट. डावीकडे गाडीवाट आहे, ती मळ्याच्या कडेकडेने कड्याखाली उतरते. तिथे खूण नव्हती, कधीच नव्हती. उलट तिथे फुली असायची, एक पांढरी रेघ आणि तिच्यावर आडवी गेलेली तांबडी: इकडे नको. फुली ओक्तावच काढायचा, आणि त्या बाबतीत फार काटेकोर होता. "माणूस जिथे चुकू शकतो तिथे त्याला अडवायला नको?" म्हणायचा.

फुली नव्हती. तिच्या जागी खरवडल्याचा डाग होता. आणि डावीकडच्या पहिल्या खांबावर ओली पांढरी पट्टी, खाली तांबडी, गुडघ्याच्या उंचीवर.

डावीकडची वाट कुठे जाते हे मोरिसेतला माहीत होतं. अळंबीच्या बोगद्यांकडे. मळ्याच्या पोटात कोरलेले ते जुने दगडाचे बोगदे. तिथे ओक्ताव पंचवीस वर्षं अळंबी खुडायला जायचा. पुढे तो अळंबीचा कारखाना बंद पडला. तिथल्या भिंतींवरही खुणा असायच्या. त्याच्याकडूनच तिने ऐकलं होतं: आत जायच्या खुणा तिथे कुणी करत नाही. आत माणूस कसाही जातो. बाण असतात ते सगळे बाहेर यायचे.

ती अक्रोडाखाली उभी राहिली आणि स्वतःशी वाद घालत राहिली. समजा, कुणीतरी चेष्टा करतंय. पण ओक्तावचा तो ओघळ कुणाला माहीत? समजा, आपणच काल येऊन गेलो. म्हाताऱ्या बाईची कंबर वाकते, म्हणून खुणा खाली आल्या. मग रंग आज ओला कसा? की तोही ओला नाही, आपल्यालाच वाटतोय? तिने बोटाकडे बघितलं. बोट पांढरं होतं. रेजीसनेही बघितलंच होतं की.

मग वाद संपला, कारण वाद घालायला दुसरं कुणी नव्हतं. "हो पुढे," ती अर्धवट पुटपुटली आणि डावीकडे वळली.

खुणा उतरत गेल्या. पुढची नडगीच्या उंचीवर. त्यापुढची एका धुराड्याच्या पायाशी, गवतात. ती शोधायला तिला वाकावं लागलं. रंगवणारा चालता चालता जमिनीत उतरत गेला असावा, असं तिच्या मनात आलं, आणि तो विचार तिने तिथेच सोडला. प्रत्येक खुणेपाशी ती पलीकडे जायची, वळायची, रिकामी वाट बघायची आणि परतीची खूण करायची. हात आपोआप चालत होता. आपण हे कुणासाठी करतोय असा प्रश्न तिला पडला नाही. तो पडायला हवा होता.

५

बोगद्याच्या तोंडाशी पूर्वी लोखंडी दार होतं, साखळी घातलेलं. साखळी खाली पडली होती. आतून गार हवा येत होती, आणि ओल्या मातीचा, अळंबीचा तो वास. पंचवीस वर्षं हा वास रोज संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात यायचा. ती त्यावर कुरकुरायची. आता तो वास नाकात गेला आणि तिचे डोळे भरले.

दारातून आत चार पावलांवर, डाव्या भिंतीला, अगदी जमिनीलगत एक खूण होती. पांढरी पट्टी पूर्ण दिसत होती. तांबडी अर्धीच होती. बाकीची जमिनीखाली गेली होती. भिंत तिथे सरळ मातीत उतरते. जमीन उकरल्याची काही निशाणी नव्हती.

"ओक्ताव?" तिने हाक मारली.

आतून आवाज आला. टक टक. ब्रशच्या दांड्याने झाकण बसवल्याचा.

तिला काय वाटलं ते सांगायचं तर आनंद झाला. खरा, भरभरून आनंद. पाय आपोआप उचलला गेला. ती आत गेली, खुणेच्या पलीकडे गेली, आणि परतीची खूण करायची म्हणून वळली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आता बाहेरचा उजेड तिच्या समोर आहे आणि तो सगळा अंधार पाठीशी.

इतकी वर्षं पाठीशी ओक्ताव असायचा. म्हणून ती निर्धास्त मागे वळून बघायची. पुढे तो आहे, त्या बाजूने काही येणार नाही.

तिने भिंतीवर ब्रश टेकवला. पांढरी पट्टी ओढली. मागे टक टक झालं, जवळ. तांबडा डबा उघडला. तीही पट्टी सरळ आली. मग मागे, तिच्या घोट्यांच्या उंचीवर कुणीतरी श्वास सोडला. गार हवा मोज्यातून लागली. आणि खालून, अगदी खालून, ओळखीच्या आवाजात, पण शब्दांची सवय गेलेल्या माणसासारखं, एकेक अक्षर जुळवत कुणी विचारलं, "ये... तेस... ना?"

मोरिसेत बाहेर आली. पळत आली की चालत, हे तिला पुढे कधी आठवलं नाही. हातात ब्रश होता, दोन्ही डबे पिशवीत होते, म्हणजे झाकणं तिने लावली असणार.

६

अक्रोडापर्यंत तिने मागे बघितलं नाही. परतीच्या खुणा समोरून एकामागून एक येत होत्या, तिच्याच हातच्या, सरळ, नीटस. त्यांच्या आधाराने ती चढ चढली. अक्रोडापाशी दम लागला म्हणून थांबली, आणि सवय ती सवय, वळून बघितलं.

आयुष्यात पहिल्यांदा मागे कुणीतरी होतं.

तो मळ्यातून येत होता, वेलींच्या दोन रांगांमधून. तपकिरी कोट, वाकलेले खांदे. कमरेपासून वरचाच भाग दिसत होता. वेलींना पान नव्हतं; तारा आणि उघड्या काड्या. त्या रांगेत माणूस उभा राहिला तर त्याच्या बुटांच्या नाड्या दिसाव्यात इतकं मोकळं. तिथे चर नव्हता, खड्डा नव्हता. हे मळे तिला आपल्या अंगणाइतके माहीत होते. कमरेच्या खाली फक्त जमीन होती.

चालणाऱ्या माणसाचे खांदे वरखाली होतात. त्याचे होत नव्हते. तो सरकत येत होता. धुराड्यापाशी थांबला. तिने तिथे परतीची खूण केली होती. त्याने मान वर करून ती बघितली, नवख्या वाटसरूने बघावी तशी, नीट, खात्री करून. मग पुढच्या खुणेकडे निघाला.

तेव्हा तिला कळलं की आज दिवसभर तिने काय केलं होतं. जाणाऱ्याच्या खुणा त्याच्या होत्या. येणाऱ्याच्या तिने काढल्या होत्या, एकही न चुकवता, थेट बोगद्याच्या आतून आपल्या गल्लीपर्यंत.

चेहरा तिने बघितला नाही. अंतर फार नव्हतं, बघितला असता तर दिसला असता.

७

रेजीस घरी गेला होता. मळ्यात कुणी नव्हतं, गल्लीतही नव्हतं. ती फाटकात शिरली, फाटक लावून कडी घातली, आणि मग तिला फुली आठवली.

माणूस जिथे चुकू शकतो तिथे त्याला अडवायला नको?

पायवाट तिच्या फाटकासमोरून गावात जाते. गल्लीच्या कोपऱ्यावरची परतीची खूण फाटकापासून दहा पावलांवर होती. तिथून येणारा सरळ चौकात जाईल, किंवा फाटकात वळेल. तिने कडी काढली, बाहेर आली, आणि फाटकाच्या दगडी खांबासमोर उभी राहिली. ऊन उतरलं होतं. डबे उघडले.

पांढरी तिरपी रेघ तिने ओढली. मग तांबड्यात ब्रश बुडवून तशीच उभी राहिली.

चव्वेचाळीस वर्षांचा संसार. त्याचे कोट अजून कपाटात होते. रोज सकाळी ती दोन कप काढून एक परत ठेवायची, हे ती कुणाला सांगत नसे. हिवाळाभर तिने एकच मागितलं होतं की तो परत यावा. आणि तो येत होता, तिच्याच खुणांनी. आणि ती फाटकावर फुली मारत होती. तिला रडू कोसळलं. शेजारच्या बाईला ऐकू गेलं तर जाऊ दे म्हणून ती मोठ्याने रडली.

गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे टक टक झालं.

तिने तांबडी रेघ ओढली, पांढरीवरून आडवी. नीट, कडा न ओघळू देता. आत आली, कडी घातली, घराचं दार लावलं, आणि स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहिली. अंधार पडेपर्यंत फाटकाबाहेर काहीतरी होतं. आवाज नव्हता, खिडकीतून दिसणाऱ्या फाटकाच्या फटीतला उजेड तेवढा खालच्या बाजूला अडला होता. मग तो मोकळा झाला.

"माफ कर," ती दाराकडे बघून म्हणाली. उत्तर आलं नाही. आलं असतं तर तिने उठून कडी काढली असती, इतकं तिला स्वतःबद्दल ठाऊक होतं.

८

रविवारी एस्तेल सकाळीच आली. आई तयार, दोन बॅगा भरून दारात, हे बघून तिचा विश्वास बसेना.

"मला वाटलं, तुला ओढत न्यावं लागणार."

"शब्द दिला होता ना."

"हात बघू. किती थंड पडलेत! खाल्लंस का काही?" एस्तेलने तिला घट्ट जवळ घेतलं. मोरिसेतला बरं वाटलं. आंझेला छोटी खोली असेल, खाली बेकरी असेल, संध्याकाळी कुणीतरी 'आई' म्हणून हाक मारेल. जगायला इतकं पुरे. तिने घराला कुलूप लावलं, किल्ली मुलीच्या हातात दिली. फाटकाची कडी अजून आतून लागलेली होती. एस्तेल कुंपणावरून चढून आली होती आणि त्यावरून दोघी हसल्या.

एस्तेलने बॅगा उचलल्या, कडी काढली आणि थबकली.

"ही फुली तूच काढलीस ना? बाहेर बघितली मी. चांगली आलीय. पण आई, ही कोणी काढली?"

ती खांबाच्या आतल्या बाजूकडे बघत होती. अंगणाच्या बाजूकडे. तिथे वाटेची खूण असायचं कारणच नाही. ती बाजू घरातून बाहेर पडणाऱ्यालाच दिसते. अगदी जमिनीशी, शेवाळाला लागून, एक पांढरी पट्टी होती आणि खाली अर्धी तांबडी. उजवा कोपरा ओघळत होता.

"ओली आहे," एस्तेल बोट पुसत म्हणाली. "कमाल आहे. इतक्या खाली काढून कुणाला दिसणार?"

मोरिसेत पुढे झाली. तिने फाटकाबाहेर बघितलं. समोरच्या भिंतीच्या पायाशी दुसरी होती. गल्लीच्या कोपऱ्यावर, फरसबंदीला चिकटून, तिसरी. पलीकडे चढ, उघडे मळे, धुराडी. फुली बघून तो रागावला नव्हता. अडवलं तिथे तो थांबला होता, आणि मग आपलं काम करून गेला होता, नेहमीसारखा, पुढे.

एस्तेलने बॅगा गाडीत टाकल्या, मग ती चालकाच्या जागेवर बसली आणि तिने शेजारचं दार उघडून धरलं. "आई, चल ना! काय बघत बसलीस?"

मोरिसेत खांबापाशी वाकली होती. तिची पाठ गाडीकडे होती.

"हो पुढे," ती म्हणाली. "मी आहे मागे."

चढावर, मळ्यात कुठेतरी, कुणीतरी डब्याचं झाकण ठोकून बसवलं.